खुनाच्या जत्रेत

मिरजेला माझ्या मामाचं भाड्यानं पुस्तकं देण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दिवसाला दहा पैसे, अनामत दोन रुपये. रहस्यकथा सगळ्यांत जास्त फिरायच्या, म्हणून सगळ्यांत आधी फाटायच्या, आणि त्याही दोन्ही टोकांनी. मुखपृष्ठ जायचं, शेवटची पानं जायची, मधलं तेवढं शाबूत. त्यामुळे लहानपणी मी वाचलेल्या कितीतरी गोष्टींचं नाव मला ठाऊक नाही आणि गुन्हेगार कोण तेही ठाऊक नाही. ज्या पुस्तकांची पानं धड होती, त्यांच्या तिसऱ्या पानावर आधीच्या कुणा पुण्यवंतानं पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं असायचं : 'खुनी – डॉक्टर'. मामा दर रविवारी खोडरबर घेऊन बसायचा.

पुढे लग्न, नोकरी करत करत अमेरिकेत उत्तर कॅरोलायनात येऊन पडले. ऑक्टोबर २०१५ मध्ये ऑफिसातल्या एका बाईनं सांगितलं, की आपल्या रॅले शहरातच रहस्यकथांचे लेखक आणि वाचक यांचं जागतिक संमेलन भरतंय. बाउचरकॉन. रॅलेत ओकची झाडं फार, म्हणून त्या वर्षीच्या संमेलनाला नाव दिलं होतं 'ओकच्या सावलीत खून'. मी रजा टाकली, नाव नोंदवलं, गळ्यात बिल्ला अडकवला. हातात एक कापडी पिशवी आली. पिशवीत पुस्तकं. कोरी आणि फुकट. टेबलापाशीच उभं राहून मी एकेक पुस्तक काढलं आणि शेवटचं पान जागेवर आहे ना ते पाहून घेतलं. सवय.

तेव्हापासूनच्या दहा वर्षांत मी तीनदा गेले : रॅले, २०१७ ला टोरांटो आणि २०२४ ला नॅशव्हिल. मधे एकदा घरबसल्या पडद्यावर. शहर दर वर्षी बदलतं, जत्रा तीच. चार-एक दिवस, दीड-दोन हजार माणसं आणि सकाळपासून एकाच वेळी चार-पाच खोल्यांत चाललेले परिसंवाद. एकेका मंचावर चार-पाच लेखक, एक सूत्रसंचालक, पन्नास मिनिटं, शेवटी वाचकांचे प्रश्न, की लगेच स्वाक्षऱ्यांची रांग. विषय असे, की बाहेरच्या माणसानं ऐकलं तर पोलिसांना फोन करावा. लिफ्टमध्ये माझ्या शेजारी दोन आजीबाई उभ्या होत्या, मोत्याच्या माळा घातलेल्या. एक दुसरीला म्हणत होती, गळा दाबायला फार वेळ लागतो, वाचक कंटाळतो, मी आता विषाकडे वळलेय. माझा मजला आला तरी मी उतरले नाही.

सगळं रसाळ असतं असं मात्र नाही. तिसऱ्या दिवशी तेच विनोद परत ऐकू येतात. मंचावर बसल्या बसल्या आपलं पुस्तक प्रेक्षकांकडे तोंड करून उभं ठेवणारा लेखक बहुधा कंटाळवाणा निघतो, हा माझा दहा वर्षांचा अनुभव. पण एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी कळली आणि ती अजून पुरती पचलेली नाही. मंचावर बसलेला लेखक, मोजके सन्माननीय पाहुणे सोडले तर, माझ्यासारखीच प्रवेश-फी भरून आलेला असतो. संमेलन चालवणारेही कुणी पगारी नसतात. हौशी वाचक वर्ष-दोन वर्षं राबतात आणि हॉटेलच्या दारात आपल्याला वाट दाखवत उभे राहतात. लेखकाला मानधन नाही, शाल-श्रीफळ नाही. संध्याकाळी तो हॉटेलच्या बारमध्ये तुमच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसतो. मी दारू घेत नाही. पण त्या बारमध्ये सोडा पीत मी जेवढं शिकले तेवढं एकाही परिसंवादात शिकले नाही.

आता हा बाउचर कोण? उच्चार 'व्हाउचर'सारखा. फ्रेंच समजून 'बुशे' म्हणालात, की आजूबाजूचे चौघे प्रेमानं दुरुस्त करतात. मला केलं होतं.

खरं नाव विल्यम अँथनी पार्कर व्हाइट. जन्म १९११, कॅलिफोर्नियातलं ऑकलंड. विल्यम व्हाइट नावाचे लेखक आधीच ढीगभर, म्हणून यानं अँथनी बाउचर हे नाव घेतलं. लहानपणापासूनचा दमेकरी. १९३७ मध्ये पहिली रहस्यकादंबरी. १९४० ला 'नाइन टाइम्स नाइन' ही बंद खोलीतल्या खुनाची गोष्ट, आणि तीही एच. एच. होम्स या आणखी एका टोपणनावानं. हे नाव शिकागोतल्या एका खऱ्याखुऱ्या खुन्याचं! १९४२ मधल्या 'रॉकेट टू द मॉर्ग'मध्ये त्यानं लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथाकारांचं अख्खं टोळकं पात्रं म्हणून वापरलं. रेडिओवर शेरलॉक होम्सच्या श्रुतिका लिहिल्या. १९४८ मध्ये एका रहस्यकथा-मासिकासाठी स्पॅनिशमधून एक कथा इंग्रजीत आणली. तिचा लेखक तेव्हा इंग्रजी वाचकांना जवळजवळ अनोळखी होता : होर्हे लुईस बोर्हेस. जगभरच्या साहित्यिकांनी पुढे डोक्यावर घेतलेला हा माणूस इंग्रजीत आला तो असा खूनदरोड्याच्या मासिकाच्या दारातून. आणि १९४९ मध्ये एका मित्राबरोबर विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचं मासिक काढलं. तेही नाणावलं.

पण संमेलनाला त्याचं नाव मिळालं ते यांतल्या कशामुळे नव्हे. १९५१ पासून १९६८ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तो 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या पुस्तक-पुरवणीत रहस्यकथांचं सदर लिहीत होता. सतरा वर्षं. स्वस्त कागदावरची, भडक मुखपृष्ठांची पुस्तकंही तो इतर कुठल्याही कादंबरीसारखी वाचायचा. बांधणी कुठे ढिली, संवाद कुठे खरा, उलगडा वाचकाशी इमानदार आहे की फसवा, हे सांगायचा. त्याच्या सदरात 'रहस्यकथा असूनही चांगली' अशी वाक्यं चालत नसत. एप्रिल १९६८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं तो गेला, तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता.

दोन वर्षांनी, १९७० मध्ये, लॉस एंजेलिसशेजारच्या सँटा मोनिकात त्याच्या स्मरणार्थ हे संमेलन पहिल्यांदा भरलं. भरवणारे मुळात विज्ञानकथांचे चाहते होते. त्यांच्यात अशा जागतिक जत्रांची रीत १९३९ पासूनची, आणि नावाला 'कॉन' हे शेपूट लावायची रीतही त्यांचीच. त्यांच्यातलंच एक जोडपं, लेन आणि जून मॉफट, जॉन डी. मॅकडोनाल्ड या एकाच लेखकाच्या पुस्तकांसाठी स्वतःच्या हौसेनं छोटं नियतकालिक चालवायचं. पहिले प्रमुख पाहुणे होते 'सायको'चे लेखक रॉबर्ट ब्लॉक. म्हणजे या जत्रेचा पाया प्रकाशकांनी घातला नाही, विद्यापीठानं तर नाहीच. एका समीक्षकाचं सदर बंद पडल्यावर रविवार सुना वाटणाऱ्या वाचकांनी घातला.

रॅलेत एका ग्रंथविक्रेत्याच्या टेबलापाशी हे सगळं ऐकताना माझ्या डोक्यात मामाचं दुकान चालू होतं. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांच्या नावावर भाड्याची दुकानंच्या दुकानं चालली. पाठोपाठ गुरुनाथ नाईक, तेही हजाराच्या पुढचे. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांच्यावर आमची अख्खी पिढी लट्टू होती. एवढं लिहिलं गेलं, एवढं वाचलं गेलं, आणि एवढं भूगोलाच्या पुस्तकात लपवलं गेलं! पण दर रविवारी वर्तमानपत्रात यातलं बरं कुठलं, वाईट कुठलं आणि का, हे सतरा वर्षं सांगणारा माणूस आपल्याला मिळाला नाही. अर्नाळकर होते, बाउचर नव्हता.

त्याचा तोटा वाचकाला झाला त्याहून जास्त लेखकाला झाला, असं मला वाटतं. महिन्याला अनेक पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाला, हे तुमचं उत्तम आणि ते पाट्या टाकल्यासारखं, हे कुणी सांगितलंच नाही तर तो दोन्हीत फरक कशाला करेल? आपल्याकडे त्याला एक तर 'लोकप्रिय' म्हणून बाजूला सारलं किंवा 'यांनी मराठी माणसाला वाचायला लावलं' असा उपकाराचा नारळ दिला. दिवाळी अंकांनी, विशेषतः 'नवल' आणि 'धनंजय'नं, जागा दिली हे खरं. साहित्य संमेलनाची परंपरा आपण १८७८ पासूनची सांगतो. अध्यक्षांच्या यादीत विज्ञानकथा लिहिणारे जयंत नारळीकर आले, २०२१ च्या नाशिकच्या संमेलनात. रहस्यकथेवर नाव कमावलेला लेखक मला त्या यादीत सापडत नाही.

बाउचरकॉनमध्ये सगळं समतेचं राज्य होतं असंही नाही, आणि हा मागोवा तिथं थोडा थांबायला हवा. १९८६ चं संमेलन बाल्टिमोरला भरलं. त्याच वर्षी बाउचरच्या नावानं 'अँथनी' पुरस्कार सुरू झाले. ते कुणी परीक्षक मंडळ देत नाही. नाव नोंदवलेले वाचक आणि लेखक मिळून मतं देतात. पहिल्याच वर्षी उत्कृष्ट कादंबरीचा मान सू ग्राफ्टन यांच्या 'बी इज फॉर बर्गलर'ला मिळाला. म्हणजे बायकांची पुस्तकं वाचकांना आवडत होती. वर्तमानपत्रांत मात्र परीक्षणं पुरुषांच्या पुस्तकांची यायची आणि बक्षिसांच्या याद्याही तशाच. शिवाय कितीतरी पुस्तकांत बाईला काम एकच, पहिल्या प्रकरणात मरून पडायचं. त्याच बाल्टिमोरमध्ये सारा पॅरेट्स्की यांनी लेखिकांना एकत्र बसवलं, आणि त्या बैठकीतून 'सिस्टर्स इन क्राइम' ही संघटना उभी राहिली. या बायकांनी भाषणं कमी केली. त्यांनी मोजायला घेतलं. कुठल्या पत्रात वर्षाला किती परीक्षणं, त्यांत लेखिका किती. आकडे हातात आल्यावर संपादकांना पत्रं गेली. रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसांनी पुरावा गोळा करून गुन्हा शाबित करावा, यात नवल ते काय.

रंगाचा प्रश्न सुटायला आणखी वेळ लागला, तो अजून पुरता सुटलेला नाही. १९९३ मध्ये बार्बरा नीली यांच्या 'ब्लांश ऑन द लॅम'ला पदार्पणाचा अँथनी मिळाला. तिची नायिका घरकाम करणारी काळी बाई. मालकांच्या घरात तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणूनच तिला सगळं दिसतं. आपल्याकडच्या कुठल्याही मोलकरणीला विचारा, हे किती खरं आहे ते. असं असूनही २०१५ ला रॅलेच्या एका भरगच्च दालनात मी मान वळवून मोजलं, तेव्हा सावळी-काळी डोकी माझ्यासकट नऊ भरली. २०१८ मध्ये वॉल्टर मोझली, केली गॅरेट आणि वडिलांकडून भारतीय असलेल्या गिगी पांडियन यांनी अशा लेखकांची संघटना काढली. त्याच वर्षी अॅटिका लॉक यांना उत्कृष्ट कादंबरीचा अँथनी मिळाला, आणि पुढे एस. ए. कॉस्बी यांनी तो २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा नेला. नॅशव्हिलला मी परत मान वळवून मोजायला लागले आणि तिसऱ्या रांगेत आकडा चुकल्यावर सोडून दिलं.

मुंबई या जत्रेत पहिल्यापासून थोडी थोडी हजर आहे, पण मराठीतून नाही. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकानं १९६४ मध्ये 'द परफेक्ट मर्डर' लिहिली. नायक मुंबई पोलिसांतले इन्स्पेक्टर गणेश घोटे, भिडस्त, वरिष्ठांना वचकून असणारे. पुस्तकाला ब्रिटनचा मोठा पुरस्कार मिळाला. गंमत अशी, की कीटिंग यांनी तेव्हा मुंबई पाहिलेलीच नव्हती. त्यानंतर दहाएक वर्षं ते लंडनला बसूनच मुंबईतले गुन्हे उकलत होते. मी ही पुस्तकं अमेरिकेत आल्यावर वाचली. घोटे सरकारी साहेबापुढे उभे राहतात तेव्हा त्यांच्या पोटात जो गोळा येतो तो अगदी अस्सल. तो काढायला मुंबई बघायची गरज नसावी, साहेब असला की पुरे.

अलीकडे सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री आली, २०१८ मध्ये, 'द विडोज ऑफ मलबार हिल'मधून. १९२१ ची मुंबई, पारशी वकीलबाई. पडद्यातल्या तीन विधवांपर्यंत पुरुष वकील पोहोचू शकत नाही, ती पोहोचते. या पात्रामागे कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. त्यांचा जन्म नाशिकचा, १८६६ चा, आणि ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या त्या पहिल्या बाई. टोरांटोत असताना मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नॅशव्हिलला मात्र ओळखीची झालेली एक ग्रंथपाल बाई मला परवीनच्या घरातला धनसाक आणि डगली म्हणजे काय ते विचारत बसली. वसीम खान यांच्या 'मिडनाइट ॲट मलबार हाउस'मध्येही पुन्हा पारशी इन्स्पेक्टरबाई. मला दोन्ही आवडतात. पण इंग्रजी मुंबईत खून मलबार हिलवर होतात आणि तपास पारशी बायका करतात, लालबाग-परळ मात्र शांत झोपलेलं असतं. लालबागेतल्या मुडद्यांना दाद मागायला झुंजारच होता, आणि त्याला कुणी इंग्रजीत नेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

२०२० चं संमेलन सॅक्रामेंटोत व्हायचं होतं, ते पडद्यावर झालं. स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी ते पाहिलं. बोललं गेलं ते उत्तमच. पण बाउचरकॉन म्हणजे बोलणं नव्हे, बोलणं संपल्यावर दारातून बाहेर पडताना होणारी गर्दी, हे तेव्हा कळलं. २०२१ ला ऑगस्टच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सला भरायचं होतं, तेही साथीमुळे थोडं आधी रद्द केलं. बरं झालं. २९ ऑगस्टला तिथं 'आयडा' वादळ येऊन धडकलं, बरोबर कॅटरीना वादळाच्या सोळाव्या वर्षदिनी. त्याच वर्षी गुरुनाथ नाईक गेले. बातमी मला भाचीनं पाठवली, मामाच्या दुकानाची जागा आता मोबाइलवाल्याला दिली आहे या बातमीबरोबर.

मामा त्याआधीच गेला होता. दुकानातली पुस्तकं रद्दीत गेली, पण मामीनं माझ्यासाठी म्हणून पाच-सहा ठेवली होती. त्यांतलं एक मी २०२४ ला नॅशव्हिलला बरोबर घेऊन गेले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तिथलं हॉटेल म्हणजे काचेच्या छताखाली वसवलेलं गावच. आत झाडं, आत धबधबा, आत नदी आणि नदीत होडी. पहिल्या दिवशी मी दोनदा हरवले.

तिसऱ्या दिवशी स्वाक्षरीच्या लांबलचक रांगेत उभी होते. पुढे चाकांची काठी घेतलेली एक आजी. तिनं आजवर किती बाउचरकॉन केले ते तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यांवरून मोजता येत होतं. मागे टेनेसीतला एक निवृत्त पोलिस. वेळ जाईना म्हणून मी पिशवीतून ते पुस्तक काढलं. आजीनं हात पुढे केला. तिनं ते उलटंपालटं केलं, वास घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, नाव काय याचं? म्हटलं, माहीत नाही, मुखपृष्ठ नाही. लेखक? नायक झुंजार आहे, त्या अर्थी अर्नाळकर. मग तिनं या जत्रेत कधीच विचारायचा नसतो तो प्रश्न विचारला. गुन्हेगार कोण?

म्हटलं, शेवटची पानं नाहीत. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मलाही माहीत नाही.

"मग गोष्ट सांग," आजी म्हणाली. "आम्ही बघतो."

मी सांगायला लागले. बंगला, तिजोरी, परदेशाहून परतलेला भाऊ, रात्री बंद पडलेलं घड्याळ. अर्नाळकर इंग्रजीत सांगायला जमेल असं मला वाटलं नव्हतं, जमलं. मागचा पोलिस म्हणाला, घड्याळ आधी कुणी पाहिलं ते सांगा. शेजारच्या रांगेतली एक मुलगी आपली रांग सोडून आली आणि तिनं भावावर शंका घेतली. आजीनं मान हलवली. भाऊ फार सरळ आहे, तो असूच शकत नाही. तिनं विचारलं, त्या घरात डॉक्टर आहे का?

आहे, मी म्हटलं. आणि हसू आवरेना म्हणून पुस्तक पुन्हा पिशवीत टाकलं. तोवर आमच्या पुढे दहा-बारा माणसांची जागा रिकामी पडली होती आणि मागचे लोक, जरा पुढे सरका, म्हणून ओरडत होते.